निशाणी : खाट

"खाट," निवडणूक अधिकारी म्हणाले. तहसील कचेरीच्या त्या लांबट खोलीत आधी कुणीतरी एकानं खोकल्यासारखं केलं, मग दोघं-तिघं हसले आणि मग सगळेच हसायला लागले.

मीही हसलो. मी भिंतीशी स्टुलावर उभा होतो, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात काळ्या रंगाचा डबा. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मास्तराला निवडणुकीत काय काम देणार? कोणत्या वॉर्डात कुणाला कोणती निशाणी मिळाली, ती फळ्यावर रंगवायची आणि फळा कचेरीच्या दारात लावायचा. अर्ज मागं घ्यायची मुदत तीनला संपली होती आणि साडेतीनपासून निशाण्या वाटणं चाललं होतं.

टेबलासमोर मालन उरुणकर उभ्या होत्या. नऊ नंबर वॉर्डातल्या अपक्ष. वय चाळिशीच्या आसपास. पेठेत त्यांची पिठाची गिरणी होती. बारा वर्षांपूर्वी नवरा पुण्याला नोकरीला म्हणून गेला आणि तिथंच दुसरा संसार मांडून बसला. मालनताई माहेरी गेल्या नाहीत. त्यांनी गिरणी चालवली आणि मुलगी वाढवली. मुलगी वृंदा आमच्या शाळेत नववीत होती, माझ्याच हाताखाली.

"साहेब, मी शिलाई मशीन मागितलं होतं," मालनताई म्हणाल्या.

"तिघांनी मागितलं. चिठ्ठी तुमच्यासमोरच काढली ना?"

"आणि कपबशी?"

"तीही गेली. पंखापण गेला. तुमच्या वॉर्डात आता दोनच शिल्लक आहेत. खाट आणि फुगा. बोला."

पुन्हा हशा झाला. मालनताईंनी मागं वळून बघितलं नाही. थोडा वेळ टेबलावरच्या कागदाकडं बघत राहिल्या.

"फुगा काय साहेब, दोन दिवसांत बसतो. खाटच द्या. खाट घरोघरी असते."

"असते, असते! घरोघरी असते!" मागनं कुणीतरी ओरडलं. आता अधिकाऱ्यांनाही हसू दाबावं लागलं.

मालनताईंनी सही केली, कागदाची घडी पिशवीत ठेवली आणि निघाल्या. दारात मला बघून थांबल्या.

"सर, तुम्हालाही जुंपलं का?"

"हो ना," मी म्हणालो.

त्या गेल्या. मी फळ्यावर नऊ नंबरच्या रकान्यात खाट काढली. छापील तक्त्यात होती तशीच, चार पायांची, रिकामी.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गावात तेव्हा एक साप्ताहिक निघायचं, दर शनिवारी. पहिल्या पानावर खाली उजवीकडं एक व्यंगचित्र असायचं आणि त्याखाली सही असायची, 'टाचणी'. तो टाचणी मी होतो. हे साऱ्या गावात एकट्या संपादकांना, वसंतराव कुंभोजकरांना, माहीत होतं. अनुदानित शाळेतला मास्तर राजकारणावर चित्रं काढतो हे कळलं असतं, तर संस्थेनं दुसऱ्याच दिवशी नारळ दिला असता. पण खरं सांगायचं तर मला त्या लपण्याचीही चटक लागली होती. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात लोक माझ्याच टेबलावर पेपर उघडायचे आणि म्हणायचे, "टाचणीनं आज बरोबर टोचलं बघा. भीत नाही गडी कुणाला." मी कपातली साखर ढवळत ऐकत राहायचो.

त्याच वर्षी पंधरा ऑगस्टच्या अंकात मी राजमुद्रेवरचे सिंह काढले होते. आपल्याला समोरून तीनच सिंह दिसतात, चौथा पाठीमागं असतो. माझ्या चित्रात तो चौथा सिंह टँकरच्या तोटीला तोंड लावून पाणी पीत होता. त्या उन्हाळ्यात पालिकेचे टँकर कुणाच्या उसात रिकामे होत होते ते गावाला ठाऊक होतं. गाव खूश झालं. आठ दिवसांनी वसंतरावांना पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. राष्ट्रचिन्हाचा अपमान. तीन तास त्यांना बाकावर बसवून ठेवलं आणि फिरून फिरून एकच विचारलं, हा टाचणी कोण. त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढच्या अंकात चौकट टाकून माफी छापली, स्वतःच्या नावानं.

त्या तीन तासांत मी वर्गात मुलांना कमळाच्या पाकळीचं संकल्पचित्र शिकवत होतो.  

निशाण्या वाटल्या त्या संध्याकाळी मी रंगाचे हात धुऊन छापखान्यात गेलो. वसंतराव प्रुफं वाचत बसले होते. साठीचा माणूस, दम्याचा त्रास, बोलताना मधेच थांबायचे.

"निवडणुकीचा अंक आहे," ते म्हणाले. "चित्र झणझणीत पाहिजे. पण आधीच सांगतो. सिंह नाही. झेंडा नाही, चक्र नाही."

"ते कळलं मला ऑगस्टमध्येच."

"छत्रीवर काही नको. अण्णांच्या आघाडीची शेवटच्या पानावर पूर्ण जाहिरात आहे. आणि विमानालाही हात लावू नका. आपण बसलोय ती जागा विमानवाल्यांची आहे."

छत्री आणि विमान, गावातल्या दोन आघाड्या होत्या. नगरपालिका कधी यांची, कधी त्यांची.

"मग काढू काय? माझा अंगठा?"

"अपक्ष आहेत की," वसंतराव म्हणाले. "अपक्षाच्या मागं कोण येतंय?"

मी त्यांना दुपारचा प्रसंग सांगितला. 'खाट घरोघरी असते' हे मालनताईंचं वाक्य मी त्यांच्याच आवाजात करून दाखवलं. वसंतराव हसता हसता खोकायला लागले, त्यांना पाणी द्यावं लागलं. आणि ते पाणी पीत होते तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर चित्र पूर्ण उभं राहिलं. एवढ्या सहज क्वचितच सुचतं. तिथंच बसून अर्ध्या तासात काढलं.

भर चौकात एक खाट. नवारीची वीण, कातीव पाय, सगळं नीट. खाटेवर कुणी नाही, फक्त एका लुगड्याचा पदर कडेवरून खाली लोंबतोय, त्याच्या चुण्या मी फार निगुतीनं काढल्या. खाटेच्या एका खुराला छत्री अडकवलेली. पायथ्याशी विमान उभं केलेलं. उशाशी शिट्टी, कपबशी, पंखा. घाईत आलेला माणूस आपलं सामान ठेवतो, तशा सगळ्यांच्या निशाण्या ठेवलेल्या. आणि खाली जमिनीवर चपला. पुरुषांच्या. पाच-सहा जोड, वेगवेगळ्या मापांचे. वर अक्षरं : 'अपक्षाकडे सगळ्यांना जागा आहे!'

वसंतरावांनी चित्र दिव्याखाली धरलं. 

"छत्री आहे यात," ते म्हणाले.

"आहे. पण कुठं आहे ते बघा."

"अण्णांना आवडेल. नऊ नंबरात त्यांची भावजयच उभी आहे," वसंतराव म्हणाले. मग हळूच, "जरा जास्त होत नाही ना?"

"काय जास्त? अपक्ष निवडून आल्यावर ज्याला त्याला पाठिंबा विकतात, त्यावर आहे चित्र. निशाण्या निवडणूक आयोगाच्या. मी कुठं काय लिहिलंय?"

हे उत्तर मी चित्र काढायच्या आधीच तयार ठेवलं होतं. ज्याला असं उत्तर आधीच तयार ठेवावं लागतं त्यानं ते चित्र काढू नये, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त आपण किती हुशार आहोत एवढंच कळत होतं.

शनिवारी अंक दुपारपर्यंत संपला. वसंतरावांनी दुसऱ्यांदा छापला. हॉटेलात ते पान भिंतीला चिकटवलं होतं.

सोमवारी तिसरा तास नववी 'अ' वर होता. मी दारात गेलो तर वर्ग एकदम चिडीचूप झाला, आणि मुलांची नजर माझ्याकडं नव्हती, फळ्याकडं होती.

फळ्यावर खाट काढलेली होती. खडूनं, वेडीवाकडी, पण माझीच. मी जे रिकामं ठेवलं होतं ते मुलांनी भरलं होतं. खाटेवर एक बाई होती आणि बाईबरोबर आणखी कुणी. खाली लिहिलं होतं, 'जागा आहे का?' आणि बाण करून 'पिठाची गिरणी'.

माझ्या चित्रात जे जे झाकलेलं होतं, ते सगळं चौदा वर्षांच्या पोरांनी दोन दिवसांत उघडं करून फळ्यावर मांडलं होतं. त्यांनी काही वाढवलं नव्हतं. मी म्हटलं होतं तेच त्यांनी म्हटलं होतं.

वृंदा दुसऱ्या बाकावर बसली होती. वही उघडून तारीख घालत होती. तारीख घालून झाली तरी पेन त्याच आकड्यांवरून फिरत होतं.

मी काय करायला हवं होतं ते सांगायला नकोच. मी काय केलं ते सांगतो. मी डस्टर उचललं, आणि वर्गातला तो ताण मला सहन होईना म्हणून, हलकं काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "कुणी काढलंय हे? मागचे पाय पुढच्या पायांएवढेच लांब दिसतात का रे? यथार्थदर्शन शिकवलं ते कुठं गेलं?"

वर्ग खदखदून हसला. सुटल्यासारखा. मी फळा पुसला. पाठमोरा असल्यामुळं मला वृंदाचा चेहरा दिसला नाही.

बुधवारी शाळा सुटताना मालनताई चित्रकलेच्या खोलीत आल्या. बरोबर वृंदा होती. मालनताईंच्या हातात कापडात बांधलेला एक डबा होता. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, कळलं.

"बसा सर, बसा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं एक काम घेऊन आलेय. नाही म्हणू नका."

"बोला ना."

"तो पेपर तुम्ही बघितलाच असेल."

मी मान हलवली.

"दळण घेऊन येणारे पुरुष आता दारातच विचारतात, ताई, जागा आहे का? आणि हसतात. पोरीला रस्त्यानं चालता येईना. काल माझा भाऊ आला होता, म्हणाला, अर्ज मागं घेता येत नसेल तर निदान घरात तरी बस. मी म्हटलं, का बसू? मी काय केलंय?" त्या थांबल्या. आवाज चढला नव्हता. "मग मी विचार केला सर. चित्रानं वार केलाय ना, मग उत्तर चित्रानंच द्यायचं. तोंडानं कितीही बोललं तरी चित्र पुसत नाही."

"म्हणजे?"

"आपल्या पालिकेच्या दवाखान्यात बाळंतिणींसाठी सहा खाटा होत्या. आता दोन राहिल्यात. बाकीच्या मोडून मागं पडल्यात, पालिकेनं चार वर्षांत दुरुस्त केल्या नाहीत. बायका जमिनीवर बाळंत होतात, सतरंजी टाकून. माझ्या गिरणीतल्या रखमाची सून श्रावणात अशीच खाली झोपली होती, पावसाचं पाणी अंगाखालून जात होतं." त्या पुढं झुकल्या. "मला एक चित्र काढून द्या. एक खाट. तिच्यावर बाळंतीण आणि कुशीत लेकरू. आजूबाजूला जमिनीवर बाकीच्या बायका. आणि वर लिहा, 'माझी निशाणी खाट. कारण तुमच्या लेकीला ती मिळत नाही.'"

 मी दहा वर्षं चित्रं काढत होतो. निशाणी म्हणजे काय आणि तिचं काय करता येतं, यावर मी वसंतरावांना तासतासभर व्याख्यानं द्यायचो. आणि चौथी शिकलेल्या या बाईनं, भर कचेरीत लोकांनी हसून तिच्या गळ्यात मारलेली निशाणी उचलून अशी समोर ठेवली होती की गावातल्या एकाही आघाडीला उत्तर सुचलं नसतं.

"जमेल ना सर?"

"जमेल," मी म्हणालो. "दोन दिवस द्या."

"तुमचं नाव कुठं येणार नाही. तुमची नोकरी आहे, मला कळतं." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "थालीपिठाची भाजणी आहे. आजच दळली."

जाताना वृंदा म्हणाली, "सर, तो टाचणी कोण असेल? तुम्हाला रेषेवरून कळत असेल ना?"

"बाहेरचा असावा कुणीतरी," मी म्हणालो. "कोल्हापूरचा वगैरे."

"पण चुण्या फार छान काढल्यात त्यानं," वृंदा म्हणाली.

गुरुवारी शाळेतून आल्यावर मी खोलीची खिडकी उघडून बसलो आणि ते चित्र काढलं. मनापासून काढलं. बाळंतिणीचा थकलेला, घामेजलेला चेहरा, कपाळाला चिकटलेले केस, लेकराची एवढीशी मूठ. खाली सतरंजीवर कोपरावर डोकं टेकून वर बघणारी दुसरी बाई. तिला आपला नंबर कधी लागणार ते कळत नाहीये. दिवेलागणीच्या सुमारास पूर्ण झालं. मी ते भिंतीला टेकवून लांबून बघितलं. माझ्या हातून तसं चित्र आधी झालं नव्हतं, पुढंही झालं नाही.

मग माझं लक्ष खाटेकडं गेलं. तीच नवार. तेच कातीव पाय. बाळंतिणीच्या लुगड्याची कड खाली लोंबत होती आणि तिच्या चुण्या त्याच होत्या. माझ्या हाताला दुसऱ्या येतच नव्हत्या. हे पत्रक घरोघर जाणार. हॉटेलच्या भिंतीवर टाचणीचं पान होतंच. कुणीतरी दोन्ही शेजारी धरणार. मुख्याध्यापक धरणार. मालनताई धरणार.

मी दुसरा कागद घेतला. खाट वेगळी काढायचा प्रयत्न केला. पाय बदलले, वीण बदलली. तरीही रेष माझीच दिसत होती. रेषेत माणूस असतो, हे मीच मुलांना सांगायचो. शेवटी मी पेन्सिल डाव्या हातात घेतली.

डाव्या हातानं काढलेलं चित्र मी शुक्रवारी सकाळी मालनताईंच्या गिरणीवर नेऊन दिलं. पहिलं चित्र रात्रीच फाडून चुलीत घातलं होतं.

मालनताईंनी पट्टा थांबवला, हात झटकले, पदराला पुसले आणि मग कागद घेतला. खाट एका बाजूला कलली होती. बाळंतिणीच्या अंगावरचं पांघरूण ताठ पडलं होतं, तोंड कुठं आणि उशी कुठं ते कळत नव्हतं. लेकरू म्हणजे एक गाठोडं. जमिनीवरच्या बायका तर ओळखूच येत नव्हत्या.

त्यांनी बराच वेळ बघितलं. एकदा माझ्याकडं बघितलं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "घाईत सांगितलं मी तुम्हाला. तरी तुम्ही काढून दिलंत."

"जरा गडबडच झाली," मी म्हणालो.

"असू द्या, असू द्या. भाव महत्त्वाचा."

वृंदा आत पोत्यांवर बसून अभ्यास करत होती. तिनं येऊन आईच्या खांद्यावरून कागद बघितला. मग परत पोत्यांवर जाऊन बसली.

पत्रकं सांगलीहून छापून आली आणि शनिवारी वाटली गेली. संध्याकाळपर्यंत हॉटेलात नवीन हशा सुरू झाला होता. "ही खाट आहे का तिरडी?" कुणीतरी विचारलं आणि तेच गावभर झालं. छत्रीवाल्यांच्या पोरांनी रिक्षाला कर्णा लावून प्रचार फिरवला, "नऊ नंबरची तिरडी निघाली हो!" दवाखान्यातल्या खाटांचं कुणी नावही काढलं नाही. त्या पत्रकावर दुसरं काही दिसतच नव्हतं.

मालनताई चौपन्न मतांनी पडल्या. अण्णांची भावजय निवडून आली. मी मतमोजणीच्या दिवशीही कचेरीत कामाला होतो, फळ्यावर आकडे लिहायला. चौपन्न म्हणजे काही फार नाही. दोन गल्ल्या. ते पहिलं चित्र गेलं असतं तर काय झालं असतं याचा हिशोब मी फळ्यासमोर उभा राहूनच केला, आणि उत्तर यायच्या आत ब्रश धुवायला निघून गेलो.

जानेवारीत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचा निकाल आला. वृंदाला 'अ' श्रेणी होती, शाळेत एकटीला. मधल्या सुट्टीत मी तिला प्रमाणपत्र घ्यायला बोलावलं. तिनं ते घेतलं, नाव बरोबर आहे का बघितलं. मग जायच्याऐवजी तिथंच उभी राहिली.

"सर, पत्रकावरचं चित्र तुम्ही डाव्या हातानं काढलंत ना?"

मी टेबलावरची बाकीची प्रमाणपत्रं सारखी करायला लागलो.

"माझा धाकटा मामा डावखुरा आहे. तो रेघ मारतो ती अशी उलटीकडून येते. त्या चित्रात सगळ्या रेघा तशा आहेत. पण तुम्ही तर उजव्या हातानं काढता." ती अगदी शांतपणे, गणित सोडवून दाखवावं तसं बोलत होती. "मला आधी कळेचना. ज्याला एवढं चांगलं येतं तो मुद्दाम वाईट का काढेल? मग वाटलं, त्याला स्वतःचा हात लपवायचा असेल. पण कुणापासून लपवायचा? नाव तर येणारच नव्हतं. मग मी तो शनिवारचा पेपर काढला."

बाहेर मैदानात मुलांचा गलका चालला होता. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा, "आईला सांगितलंस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी वर्गात फळा पुसताना जो चेहरा मला दिसला नव्हता, तो मी तेव्हा पाहिला. त्यात राग फारसा नव्हता. एखाद्या गोष्टीची किंमत समजल्यावर माणूस जसा ती खाली ठेवतो, तसं होतं ते.

"नाही," ती म्हणाली. "आई म्हणते, अख्ख्या गावात एकट्या सरांनी मदत केली. तिला तेवढंच मिळालंय या निवडणुकीत. ते मी काढून घेणार नाही." आणि दारात जाऊन म्हणाली, "तुमच्यासाठी नाही, सर."

दहावीला वृंदानं चित्रकला सोडली. पुढं फार्मसी शिकली, गावातच औषधांचं दुकान टाकलं. मी त्या जानेवारीतच वसंतरावांना सांगितलं की आता जमत नाही. त्यांना वाटलं, मला पश्चात्ताप झाला. मलाही तसंच म्हणवून घ्यायला आवडलं असतं. पण मी थांबलो ते एका पंधरा वर्षांच्या मुलीला माहीत होतं म्हणून, ती कधी कुणाला सांगेल या भीतीनं. तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही.

मालनताई पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. पण मला बघितलं की त्या रस्त्यात थांबायच्या. बरोबर कुणी असेल तर त्याला सांगायच्या, "हे आमचे सर. तेव्हा कुणी दारात उभं करत नव्हतं, यांनी चित्र काढून दिलं." मी हात जोडायचो. एकवीस वर्षं मी हात जोडतो आहे. दरवेळी वाटतं, आता सांगावं. आणि दरवेळी वृंदाचं वाक्य आठवतं आणि मी स्वतःला समजावतो की गप्प राहण्यातच त्यांचं भलं आहे. हेही उत्तर मी आधीच तयार ठेवलेलं असतं.

गेल्या दिवाळीआधी बाजारात भेटल्या. आता फार थकल्यात. गिरणी विकली. वृंदा पिशवी घेऊन शेजारी उभी होती.

"सर, हल्ली काढता की नाही काही?"

"नाही हो. सुटलं ते."

"काढत जा. निवृत्त झालात, वेळ आहे," मालनताई म्हणाल्या आणि माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "चांगला हात आहे तुमचा."

वृंदा भाजीवालीच्या पुढ्यातली मेथी उलटसुलट करत होती. तिनं मान वर केली नाही.

"बघतो," मी म्हणालो.